सूप पातळ का होतं

९ फेब्रुवारी

औषधवाल्याने नव्या वर्षाची डायरी फुकट दिली होती, ती आज उघडली. थेरपिस्ट मुलीने फ्रिजवर लावायला एक तक्ता दिला आहे. काय खाल्लं, किती खाल्लं, खोकला आला का. त्यात 'भाजीचं सूप, अर्धी वाटी, आला' एवढंच मावतं. बाकीचं कुणाला सांगायचं? जिला सांगायचं तीच तक्त्यात आहे.

बाईंना दवाखान्यातून घरी आणलं त्याला आठवडा होऊन गेला. बाई म्हणजे माझी बायको. शाळेत विज्ञान शिकवायची. मुलं बाई म्हणायची, मुलांचे आईबाप बाई म्हणायचे, शेवटी मीही बाईच म्हणायला लागलो. डिसेंबरात तिला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं गेलं, लिहिणंही गेलं. एक शब्द तेवढा राहिला, 'उद्या'. पाणी हवं तरी उद्या, खिडकी लाव तरी उद्या, मी सदरा उलटा घातला तरी उद्या. डॉक्टर म्हणतात तिला समजतं सगळं, पण बाहेर येताना सगळ्या शब्दांचा तोच एक होतो.

आणि गिळणं. तिच्या घशातलं झाकण उशिरा लागतं. पातळ पदार्थ पटकन धावतो आणि श्वासाच्या वाटेने छातीत उतरतो. म्हणून तिला द्यायचं ते सगळं एक पावडर घालून घट्ट करायचं. चहा, दूध, पाणीसुद्धा. थेरपिस्ट मुलीने चमचा वाकडा करून दाखवलं. "काका, मधासारखी धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडलं तर द्यायचं नाही."

मी म्हटलं, "पोरी, कारखान्याच्या कॅन्टीनला तीन पाळ्यांचं जेवण रांधलंय मी. एक वाटी घट्ट करता येणार नाही होय?"

काकू काय म्हणतात बघा, असं म्हणून ती बाईंकडे वळली. बाई म्हणाली, "उद्या."

१२ फेब्रुवारी

आयुष्यभर परक्यांना जेवू घातलं आणि घरी गॅस कधी पेटवला नाही. ती शाळेतून यायची तेव्हा मी दुपारच्या पाळीला निघालेलो असायचो. आमचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालला. 'गवळ्याला सांगणे.' 'बल्ब आणला आहे.' तसं भांडण कधी झालं नाही. भांडायलाही दोन माणसं एका वेळी घरात लागतात.

आज गाजराचं सूप केलं. या पावडरीची एक खोड आहे, ती घातली की मीठ मरतं. पातेल्यात बरोबर लागलेलं सूप वाटीत घट्ट केलं की अळणी होतं. म्हणून वाटीतलंच चाखावं लागतं. कॅन्टीनमध्ये पळीने तळहातावर घ्यायचो. एवढ्याशा वाटीला कुठे पळी आणि कुठे तळहात! सरळ चमच्याने चाखलं. कमी होतं. चिमूटभर घातलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. जमलं. कोमट झाल्यावर तिच्यापुढे नेलं.

पहिले चार-पाच चमचे छान गेले. मग ती खोकायला लागली ती थांबेना. चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी. वाटीत पाहिलं तर मध कुठला, नुसतं पाणी. मी स्वतः घट्ट केलं होतं, चमचा उभा राहत होता.

संध्याकाळी तिच्या धाकट्या बहिणीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते, फोनवर मात्र इथेच असते. "भावोजी, डॉक्टर म्हणाले होते ना पोटात नळी बसवू? मग कशाला जिवाशी खेळ? नळीतून सोडलं की झालं. ताईही सुटेल, तुम्हीही सुटाल."

मी कशातून सुटणार, ते विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी

आज नवीनच प्रकार. दूध घट्ट करून, साखर चाखून तिच्याकडे वळलो, तर तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. जोर आहे अजून त्या हातात. मग हात वर केला आणि माझ्या ओठांवर बोट ठेवलं. दाबून. "उद्या, उद्या."

गप्प बस म्हणते. मी तर काही बोललोच नव्हतो. बहुतेक सकाळी गुणगुणत होतो ते आवडलं नसेल.

दूध सुरुवातीला घट्ट होतं. शेवटी पातळ. खोकला.

१९ फेब्रुवारी

डबा घेऊन औषधवाल्याकडे गेलो. "तुझी पावडर भेसळीची आहे."

"काका, सीलबंद डबा आहे."

"मग सीलबंद भेसळ आहे."

त्याने हसत दुसरा डबा दिला. घरी येऊन तोही तसाच निघाला. मग मी दुप्पट पावडर घातली. सूपाची खळ झाली, पोस्टर चिकटवावीत अशी. बाईंनी जिभेनेच बाहेर ढकललं. आणि अर्धी वाटी होईतो तेही सैल पडलंच.

एक गंमत मात्र लिहून ठेवतो. संत्र्याच्या रसाला काही होत नाही. तीच पावडर, तीच वाटी, तोच चमचा, आणि रस शेवटपर्यंत मधासारखा. सूप आणि दूध तेवढं दगा देतं. थेरपिस्ट मुलगी रजेवर आहे, आली की विचारीन. तोवर रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललंय बहुतेक. पण म्हैस कुठली तेच कळत नाही.

नुसत्या संत्र्यावर माणूस जगत नाही.

२३ फेब्रुवारी

बाईंना मी नकोसा झालो आहे. हे लिहायला वेळ लागला, पण आहे ते आहे.

आज सूप चाखून चमचा वाटीत घातला आणि तिच्यापुढे धरला, तर तिने आधी माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं, मग वाटीकडे, मग पुन्हा माझ्या तोंडाकडे. तिचा चेहरा असा झाला होता की वर्गातल्या मुलांनी बाकाखाली लपावं. मी "काय झालं, गरम आहे?" असं विचारलं. तिने चमच्याला फटका मारला. चमचा कपाटाखाली गेला, सूप भिंतीवर. "उद्या! उद्या! उद्या!"

भिंत पुसताना कळलं. माझं उष्टं नको आहे तिला. बरोबरच आहे. इतक्या वर्षांत एका ताटात कधी जेवलो नाही, आता तिला हलता येत नाही म्हणून मी तिच्या वाटीत चमचा घालायचा? तिला ते आधीपासून आवडत नसणार. सांगायची संधी आता मिळाली, तीही बिनशब्दांची.

ठरवलं, तिच्यासमोर चाखायचं नाही. न चाखता तर मी देणार नाही, ते माझ्या हातून होणे नाही. आता ओट्याकडे तोंड करून चाखतो, वाटी कोमट व्हायला तिथेच थोडी ठेवतो आणि मग बाहेर नेतो. तिला दिसत नाही, तिचा मान राहतो.

२४ फेब्रुवारी

मी केव्हा चाखतो ते तिला दिसलं नाही. तरी पहिल्या चमच्यापासून खोकला. तिने वाटीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. एखादा मुलगा सात वेळा समजावूनही तेच उत्तर लिहितो, तेव्हा शिक्षक पाहतात तसं. मग डोळे मिटून घेतले.

मी माझं जेवण ओट्याजवळ उभ्याने उरकलं.

१ मार्च

दवाखान्यातून लिहितो आहे. परवा ताप चढला, श्वास घरघरायला लागला. डॉक्टर म्हणाले छातीत अन्न गेलं आहे. इंजेक्शनं चालू आहेत. मोठे डॉक्टर वाईट माणूस नाहीत, समोर बसून नीट बोलतात.

"तुम्ही मनापासून करताय, दिसतंय. पण झटक्यानंतर इथे झालं होतं ते धरून हे दुसऱ्यांदा झालं. वजनही उतरलंय. अठरा तारखेला पुन्हा आणा. तेव्हाही छाती साफ नसेल तर नळी बसवू. मग तोंडाने काही नाही."

"काहीच नाही?"

"धोका कशाला घ्यायचा?"

बाहेर बाकावर येऊन बसलो. नळीचं दूध डब्यातून तयार येतं. ते पिशवीत ओतायचं, पिशवी खुंटीला लावायची. त्याला आचारी लागत नाही, नवराही लागत नाही. दिवसातून चार-पाच वेळा मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतो, ते बसणंही जाईल. ती नको म्हणत असली तरी बसतो तर खरं.

माझी एकच विद्या आहे, माणसाच्या तोंडात चार घास घालणं. ती घरच्या माणसापाशीच खोटी ठरावी?

६ मार्च

घरी आलो. बाई चाकाच्या खुर्चीत वाळलेली दिसते. दारातून आत घेताना खुर्ची चौकटीला लागली आणि तिचं कोपर खरचटलं. शेजारीण डोकावून "बरं वाटतंय का आता?" म्हणून गेली. घरात दिवसभरात हे एवढंच एक वाक्य झालं.

बहिणीचा फोन. "भावोजी, अठराची वाट कशाला बघता? उगाच तिचे हाल."

"पाहू."

"तुमचं नेहमीचं पाहू. ताई म्हणायची, याच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे तिने असं म्हणणं नवल नाही, पण ती बहिणीशी माझ्याबद्दल बोलायची, हे माहीत नव्हतं.

८ मार्च

आज जे झालं ते नीट लिहायला हवं. हात अजून तपकिरी आहेत.

दुपारी दोन वाट्या सूप केलं. एक तिला, एक मला. तिचं जे तेच माझं, तेवढंच घट्ट. एकटं उभ्याने जेवायचा कंटाळा आला होता. दोन्ही वाट्या टेबलावर ठेवल्या. चाखायच्या आधी म्हटलं, सूप निवतंय तोवर कोपराचं ड्रेसिंग करून घेऊ. तपकिरी औषधाची बाटली उघडली, कापूस भिजवला, कोपर पुसलं. पट्टी कापायला मान वळवली तेवढ्यात बाईंनी डाव्या हाताने बाटली उचलली आणि आपल्या वाटीत उपडी केली.

मी झडप घालून बाटली काढून घेतली. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. नको झालंय तिला जगणं, हेच मनात आलं. आणि मग वाटीकडे पाहिलं. सूप निळं होत होतं. निळं, काळपट, शाईसारखं. आज बटाट्याचं पांढरं सूप होतं, त्यामुळे तर ते भुतासारखं दिसत होतं.

आता कळलं, म्हटलं! पावडरीत विष आहे आणि बाईंनी ते ओळखलं. बाटली खिशात घातली, वाटीवर ताटली झाकली, शेजारणीला पाच मिनिटं बसायला सांगितलं आणि थेट औषधवाला गाठला. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी सगळ्यांसमोर ताटली काढली.

"हे काय आहे, सांग."

त्याने वास घेतला. "सूप."

"निळं?"

"आयोडीन घातलंत का?"

"मी नाही, बाईंनी घातलं."

तो हसायला लागला. एक गिऱ्हाईकही हसलं. "काका, पावडर पिठाची आहे. मक्याचं पीठ. सूपही बटाट्याचं. पिठात आयोडीन घातलं की निळं होणारच. शाळेत केलं नाही का? आम्हाला तर तुमच्याच बाईंनी करून दाखवलं होतं!"

मी वाटी घेऊन परत आलो. रस्ता तोच होता, पण लांबला होता.

शेजारीण गेली. बाई माझी वाट पाहत होती. डोळे लकाकत होते. दवाखान्यातून आल्यापासून तिला अशी पाहिली नव्हती. तिने दुसऱ्या वाटीकडे बोट केलं, मग माझ्या खिशाकडे. मी घाबरत घाबरत दुसऱ्या वाटीतही औषध घातलं. तीही निळी झाली. आता समोर दोन निळ्या वाट्या.

मग तिने माझ्या ओठांवर बोट ठेवलं. तेच, फेब्रुवारीतलं. आणि ओठांवरून उचलून पहिल्या वाटीवर टेकवलं. ओठ, वाटी. ओठ, वाटी.

"हे खाऊ?"

तिने कपाळावर हात मारला.

"मग? थुंकू यात?"

"उद्या!" असं तिने इतक्या जोरात म्हटलं की पलीकडच्या घरातला रेडिओ बंद झाला.

तर मी, वयाच्या या टप्प्यावर, माझ्याच हाताने केलेल्या सूपात थुंकलो. कॅन्टीनमध्ये कुणी असं केलं असतं तर त्याच दिवशी हाकलला असता. तिने चमचा पुढे केला, ढवळ. ढवळलं. तिने पंजा उभा धरला, थांब. दुसऱ्या वाटीला हात लावू दिला नाही.

बसून राहिलो. ती वाटीकडे पाहत होती, मी तिच्याकडे. पहिल्या वाटीतला निळा आधी जांभळा झाला. मग लालसर. मग सगळा रंगच विरला आणि फिक्या चहासारखं काहीतरी उरलं. तिने चमचा उचलायला लावला. धार नाही, थेंब. टप, टप, टप. पाणी. दुसऱ्या वाटीत चमचा तसाच उभा, सूप शाईसारखं निळं.

बाईंनी भुवया वर केल्या. वर्गात प्रयोग संपला की मुलांकडे बघून करत असेल तशा. काय दिसलं? सांग.

मी म्हटलं, "म्हणजे मी चाखतो, म्हणून..."

तिने डोळे मिटून मान डोलावली. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. मग हसली, तोंड एका बाजूने वाकडं होतं तशी. आणि माझं मनगट धरलं.

म्हणजे ती इतके दिवस शिकवत होती.

९ मार्च

थेरपिस्ट मुलगी रजेवरून आली. फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकूंनी आयोडीन घालून दाखवलं? मी हे माझ्या सगळ्या पेशंटना सांगणार."

"पण एवढ्याशा लाळेनं?"

"थेंबभर पुरते काका. पीठ म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ समजा. लाळेत एक विकर असतं, ते माळ मध्येच कापतं. माळांचा गुंता सुटला की घट्टपणा गेला. आणि तुम्ही त्या विकराला लागेल ते सगळं दिलंत. सूप कोमट. वर मीठ. मिठातला क्लोराइड मिळाला की ते खरं जोमात येतं. उकळत्या सूपात ते मेलं असतं, आंबटात लुळं पडलं असतं."

"म्हणून संत्र्याचा रस..."

"अगदी."

मीठ घालायचं, कोमट करायचं, चाखायचं. चांगल्या आचाऱ्याचे तीन नियम. तिन्ही मी नेमाने पाळले होते. म्हटलं, "म्हणजे मी माझ्या हाताने तिच्या छातीत पाणी सोडलं."

"तुमच्या एकट्याच्या नाही. काकूंच्या तोंडातला चमचाही वाटीत परत जात होताच ना? त्यांची लाळही तेच करणार. दोघांनी मिळून केलंय ते." मग म्हणाली, "मी सांगितलं होतं काका, मोठ्या वाटीतून थोडं थोडं वेगळं काढून द्या."

सांगितलं होतं. मला ते स्वच्छतेसाठी वाटलं होतं, आणि माझे हात स्वच्छच असतात.

ती डिंकाची पावडर पाठवते आहे. लाळेचं विकर पिठाची माळ कापतं, डिंकाची त्याला कापता येत नाही.

१३ मार्च

नवी पावडर. दोन वाट्या, दोन चमचे. पातेल्याजवळची वाटी कुणाच्या तोंडाची नाही. चाखायचं ते तळहातावर, जुन्या सवयीने. जेवणाच्या पाचही वेळांना बाई खोकली नाही. तक्त्यात पाच वेळा 'नाही' लिहिलं. अक्षर जरा मोठं आलं.

१८ मार्च

दवाखाना. छाती साफ. वजन थोडं वर. मोठ्या डॉक्टरांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, बाईंच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून पुन्हा ऐकलं, आणि म्हणाले, "चालू द्या. नळीचं बोलायला नको आता."

बहिणीला फोन केला. ती रडली. मग म्हणाली, "भावोजी, मी फार टोचून बोलले."

"बोललीस ते बरं झालं. घरात आवाज तेवढाच होता."

तिला ते गमतीचं वाटलं.

२२ मार्च

सगळं सुरळीत आहे. तसंच लिहायला हवं.

सूप घट्ट राहतं. बाई तोंड उघडते, गिळते, हनुवटी खाली घेते, पुन्हा उघडते. वाटी संपते. मी तोंड पुसतो. ती खिडकीबाहेर बघते. समोरच्या इमारतीवर रंगारी झोपाळ्यासारख्या फळीवर बसून भिंत रंगवत असतो, त्याच्याकडे बघते. मी भांडी घासतो.

मनगट धरत नाही. ओठांवर बोट ठेवत नाही. कशाला ठेवेल? चूक दुरुस्त झाली. आम्ही दोघं पुन्हा फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांसारखे झालो, फक्त आता चिठ्ठ्या नाहीत.

फेब्रुवारीत ती दिवसातून तीन-तीन वेळा माझ्यावर ओरडायची. ते दिवस वाईट होते, ती मरता मरता वाचली, आणि आज दुपारी मला ते दिवस आठवून हुरहूर लागली. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे.

२४ मार्च

सकाळी तिच्या कपाटातून विज्ञानाचं पाठ्यपुस्तक काढलं. समास तिच्या बारीक अक्षराने भरले आहेत. तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "बाई, तोंडात काय होतं ते कळलं. पुढे?"

तिने मान वळवली. रंगारी राहिला बाजूला.

"म्हणजे ते पीठ. तोंडात निम्मंशिम्मं कापलं गेलं. मग गिळलं. पुढे काय होतं? मला खरंच माहीत नाही. आयुष्यभर लोकांच्या पोटात घातलं, पण आत गेल्यावर त्याचं काय होतं ते कधी विचारलं नाही."

तिने पुस्तकाकडे हात पुढे केला. पान मला शोधायला लावलं. चुकीचं काढलं की मांडी ठोकायची. 'पचनसंस्था' सापडली तेव्हा पुस्तकावर थाप मारली.

मी मोठ्याने वाचायला लागलो. जठरात आम्ल असतं, तिथे लाळेचं विकर निकामी होतं. "म्हणजे संत्र्याच्या रसासारखं?" असं विचारलं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एकदम पहिल्या बाकावर गेलो.

आज एवढंच. एक परिच्छेद. तिला दम लागला, मलाही.

२७ मार्च

रोज दुपारी जेवणानंतर वर्ग. जठरातून अन्न लहान आतड्यात उतरतं. तिथे स्वादुपिंड आपला रस सोडतं. तो रस आंबटपणा मारतो, आणि त्याच्यातलं विकर तोंडात अर्धवट राहिलेलं कापायचं काम पुन्हा हातात घेतं. मी म्हटलं, "दुसरी पाळी! पहिल्या पाळीवाल्याने टाकून दिलेलं काम दुसरीवाला उचलतो. आमच्या कॅन्टीनमध्ये असं कधी झालं नाही."

बाई हसली. आवाज करून. तिच्या हसण्याला आवाज आहे हे विसरलो होतो.

'स्वादुपिंड' मी 'साधुपिंड' वाचलं. टेबलावर थाप. पुन्हा वाचलं. बरोबर. काल एका ठिकाणी मुद्दाम चुकलो होतो, तेव्हाही थाप पडली होती. आज पुन्हा तिथेच चुकलो, तर तिने थाप मारली नाही. डोळे बारीक करून पाहत राहिली. पकडलं. कान धरला माझा, खरोखर, डाव्या हाताने, आणि पिळला. कान अजून गरम आहे.

३१ मार्च

आज शेवटचं पान. मी दोन दिवस पुरवून पुरवून वाचत होतो. एका वाक्याला तीन शंका काढत होतो. तरी पान ते पान.

आतड्याच्या आतल्या भिंतीवर शेवटचं विकर बसलेलं असतं. दोन मण्यांची जोडी आली की तीही तोडायची. सुटा एक मणी राहिला, म्हणजे ग्लुकोज, की तो भिंतीतून पलीकडे रक्तात जातो. दोन मणी एकत्र असतील तर जाता येत नाही. एकेकट्यानेच जावं लागतं. हे वाचून मी थांबलो. बाईंनी का थांबलास म्हणून भुवई हलवली. काही नाही म्हटलं.

मग वाचलं, "रक्तावाटे ग्लुकोज शरीराच्या प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचते." खाली स्वाध्याय, रिकाम्या जागा भरा. त्याही भरून झाल्या. तिने सगळ्या बरोबर ठरवल्या.

"संपला धडा," मी म्हटलं. पुस्तक मिटणार होतो. तिचं दूध गरम करायची वेळ झाली होती. उद्यापासून दुपारी काय करायचं हे मनात येत होतं.

बाईंनी पुस्तकावर हात ठेवला. मिटू दिलं नाही. डाव्या हाताचं बोट जिभेला लावून ओलं केलं, पानाचा कोपरा दोनदा निसटला, तिसऱ्यांदा धरला गेला, आणि तिने पान उलटलं.

वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'श्वसन'.

मी खुर्ची पुढे ओढली.